हे असंच असू दे

दारातून आधी खोकं आत आलं, मग चष्मा, मग माणूस. खोकं दोन्ही हातांत, त्यावर हनुवटी टेकलेली, आणि खाली उंबरा आहे की नाही ते बघायला डोळे मोकळे नाहीत. व्हायचं तेच झालं. पाय अडखळला आणि स्वारी खोक्यासकट थेट कामाच्या टेबलावर. टेबलामागच्या मुलीने एका हाताने तापलेलं सोल्डरिंग बाजूला केलं, दुसऱ्या हाताने खोकं धरलं. माणसाला धरायला तिसरा हात नव्हता, म्हणून तो पडला.

"संच वाचला," ती म्हणाली. "तुमचं काय ते तुम्ही बघा."

तो उठला आणि चष्मा पुसायच्या आधी त्याने संचाची चौकशी केली. इथेच ती जरा नरमली. पण नरमलेलं दाखवणाऱ्यातली ती नव्हती. मामाने तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं ते काही उगाच नाही.

दुकान मामाचं. परवाना काढून घरबसल्या हवेतून जगाशी गप्पा मारणारे जे हौशी रेडिओवाले असतात, त्यांचे जुने संच तिथे यायचे. ट्रान्सिस्टर नवे नवे होते त्या काळातले, पत्र्याच्या डब्यातले, उचलताना कंबर आठवावी असे. नव्या संचातलं काही कुणाला कळत नाही आणि जुन्याला कुणी हात लावत नाही, म्हणून दुकान चालायचं. मामाचे हात हल्ली थरथरायचे, तेव्हा डाख द्यायचं काम ठिणगीकडे आणि टोमणे मारायचं काम मामाकडे, अशी वाटणी झाली होती. टोमण्यांतही भाची पुढे गेली ते सोडा.

पडलेला माणूस दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. संच त्याच्या वडिलांचा. वडील जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून तो कपाटावर पडून होता. आता याने स्वतः परीक्षा देऊन परवाना मिळवला, संच खाली काढला, आणि तक्रार अशी, की दिवा लागतो, सगळ्यांचं ऐकू येतं, पण याचं कुणालाच ऐकू जात नाही.

"घरातल्या सुनेसारखं झालंय म्हणजे," ठिणगी म्हणाली. "सगळ्यांचं ऐकायचं, आपलं कुणी ऐकत नाही."

"सून... अजून आलेली नाही घरात," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला. मामाला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना.

झाकण उघडलं तर आत आठ वर्षांची धूळ. कंडेन्सर सुकलेले, रिलेची टोकं काळी पडलेली. ती तिने कागदाची पट्टी घालून हळूच पुसली, मांजराचा कान पुसावा तशी. चष्मेवाला रोज दुपारच्या सुट्टीत संच बघायला येऊ लागला. संच काही रांगायला लागला नव्हता, की रोज बघावा. पण जुन्या संचाची एक खोड त्याच्या कामी आली. चालू केला की वीस मिनिटं त्याच्या लहरीचा आकडा सरकत राहतो, अंग गरम झालं की मग स्थिर होतो. तोवर काही मोजता येत नाही. नुसतं बसायचं. मग दोघं बसायची. समोर पिवळ्या दिव्याची काचपट्टी, डाखाच्या राळेचा गोडसर धूर, आणि मधे दोन कप चहा, जो प्यायचं दोघांच्याही ध्यानात राहायचं नाही.

त्याला समोरासमोर बोलता यायचं नाही. एक वाक्य निघायला आकडा स्थिर व्हायला लागतात त्याहून जास्त मिनिटं लागायची. एकदा मात्र तो पटकन म्हणाला, की तुमचा डावा डोळा थकतो, बारीक काम करताना तुम्ही तो मिटता.

"मला तपासू नका. तपासायला संच आलाय."

दुसऱ्या दिवशी तो कपाळाला अडकवायचं भिंग घेऊन आला. माप न घेता बनवलेलं, नुसतं बघून बघून. तिने तोंड वाकडं करून लावलं आणि तीन दिवस जी सापडत नव्हती ती केसाएवढी भेग, ट्रान्सिस्टरच्या पायापाशी, समोर दिसली. एवढा आनंद झाला की तिला त्याचा रागच आला.

एवढं करूनही संच जोर धरेना. शंभर वॅटचा संच, आणि माइकचं बटण दाबलं की काटा दहावर येऊन बसायचा. खाली नाही, वर नाही, कुणी कानाला धरून बसवल्यासारखा. ठिणगीने तार अन् तार धुंडाळली तेव्हा कारण मिळालं. कोपऱ्यात कुणीतरी स्क्रूने फिरवायचा छोटासा प्रीसेट बसवला होता, जोराला लगाम घालणारा. मेण लावलेल्या दोऱ्याने तो इतका सुबक बांधलेला, की दागिना वाटावा. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं — हे असंच असू दे.

ती हसली. ज्याला काम येत नाही तोच अशा पाट्या लावतो, असं तिचं मत. चष्मेवाल्याला विचारलं तर त्याला काहीच ठाऊक नव्हतं. वडील टेकडीपलीकडच्या दोन मित्रांशी तेवढे बोलायचे, लांबचं कधी लागलंच नाही, संच पहिल्यापासून अशक्तच असावा. मामा मात्र दोऱ्याची गाठ बघत राहिला. म्हणाला, इतका स्वच्छ हात असलेला माणूस उगाच काही करत नाही, त्यांच्या घरात मोठं कुणी असेल तर विचारून ये.

"दोष मीटरला विचारायचा असतो, माणसांना नाही," ठिणगी म्हणाली आणि कात्रीने दोन्ही तारा तोडल्या.

बटण दाबलं. काटा उठला तो दहा ओलांडून, पन्नास ओलांडून थेट शंभरावर जाऊन थरथरला. चष्मेवाला उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. ठिणगीने टाळी वाजवली, आणि मग ती टाळी कुणी वाजवली म्हणून इकडेतिकडे बघितलं.

संच घरी गेला. चाचणी म्हणून तिने त्याला जुन्या ए.एम. पद्धतीवर बोलायला सांगितलं. हल्ली कुणी ती फारशी वापरत नाही, पण त्या पद्धतीत आवाज भरदार येतो. आणि सकाळी सात वाजता, दुकानातल्या संचातून, तो आला. समोर बसून चहात बुडणारा तो आवाज हा नव्हताच. हा मोकळा होता, हसरा होता, खोडकर होता. वाऱ्याने छपरावरची तार कशी वाजते ते सांगत होता, काल कुठल्या आजोबांनी अक्षरांचा तक्ता पाठ करून डोळ्यांची परीक्षा दिली ते सांगत होता. ए.एम.वरच राहा, असं तिने त्याला बजावलं. कारण दिलं यंत्राचं. खरं कारण तिचं तिला ठाऊक.

अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी, गुरुवारी, तो बोलता बोलता थांबला. नुसती खरखर आली. मग म्हणाला —

"संच दुरुस्त झाला. आता दुकानात यायला मला काही कारण उरलं नाही. बिनकारणाचा आलो तर चालेल का... रोज? म्हणजे — जन्मभर?"

एकेक अक्षर घासूनपुसून ठेवल्यासारखं आलं. ठिणगीने माइकचं बटण दाबलं. हवेत खासगी काही नसतं, कोण कुठे कान लावून बसलंय सांगता येत नाही. आणि मागे मामा वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होता.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "नीट पोचलं नाही. तीन-तीन."

या लोकांत आवाज कसा आला ते आकड्यांनी सांगतात. पाच-नऊ म्हणजे स्पष्टही आणि जोरदारही, त्याच्यावर काही नाही. तीन-तीन म्हणजे राहू द्या. आणि मामाने तिला डाख द्यायच्या आधी जे शिकवलं होतं ते हे, की आकडा कधी खोटा सांगायचा नाही. पलीकडच्याला आपला आवाज कसा पोचला ते आपल्याच तोंडून कळतं, त्याला दुसरा आरसा नाही.

पलीकडून "बरं" एवढंच आलं. शुक्रवारी सात वाजता नुसती खरखर. शनिवारी तेच, रविवारी तेच. ठिणगीने दोन गिऱ्हाइकांना झापलं, एका चांगल्या ट्रान्सिस्टरचा पाय मोडला. वर्तमानपत्र आता सुलटं धरलेला मामा म्हणाला, की दोष मीटरला विचारायचा असतो ना, मग विचार.

सोमवारी दारात एक बाई उभ्या राहिल्या. ताठ पाठ, हातात पिशवी, कानात ऐकायचं यंत्र. उंबरा नीट बघून आत आल्या आणि विचारल्याशिवाय खुर्चीत बसल्या.

"संचवाली ती तूच ना? मी चष्मेवाल्याची आई. माझ्या घरात नळ वाहत राहिला तरी मला कळत नाही. पण गुरुवारी सकाळी माझा मुलगा कुणाला तरी जन्मभराचं विचारत होता, ते माझ्या कानात लख्ख वाजलं."

ठिणगी उभी होती ती बसली.

"या एवढ्याशा यंत्रात आलं," आई कानाला बोट लावून म्हणाल्या. "तुझ्या छपरावरच्या त्या एवढ्या मोठ्या तारेत नाही आलं?"

मामा आतल्या खोलीत काहीतरी शोधायला गेला.

आईंचं म्हणणं सरळ होतं. त्यांना मुलाचं तेवढं ऐकू येत होतं, या पोरीचं नाही. अकरा दिवस अर्धंच बोलणं कानात पडलं आणि उरलेलं अर्धं त्यांनी भाजी चिरताना मनाने जुळवलं. पण शेवटचं उत्तर काही जुळेना. विचारलं तर पोरगा हं म्हणतो. घास हातात धरून बसतो. परवा एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवून दिली.

पण कानात आवाज जातोच कसा, हे ठिणगीने चाचरत विचारलं. आई हसल्या, पहिल्यांदाच. तार त्यांच्या स्वयंपाकघरावरून गेलेली. यंत्र नवं लागलं तेव्हा नवरा पलीकडे बोलायला बसला की इकडे यांच्या कानात खणखणाट. एकदा उलथनं घेऊनच त्याच्यापुढे उभ्या राहिल्या होत्या, की एक तर हा संच ठेवा नाहीतर मला. त्या रविवारी तो दिवसभर झाकण उघडून बसला. त्यानंतर कानात शांतता.

"काय केलं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण आधी साता समुद्रापलीकडचे लोक त्याच्याशी बोलायचे. पुढे टेकडीपलीकडचे दोघंच उरले. तेवढं मला कळत होतं."

ठिणगीने खणातून पत्र्याची डबी काढली. आत तो प्रीसेट, दोऱ्यासकट, तसाच. तिचा आवाज बारीक झाला होता. "काकू, हा मी तोडला. पाटी वाचून तोडला. विचारलं नाही कुणाला."

आईंनी तो तळहातावर घेतला. अंगठ्याने गाठ चाचपली. बराच वेळ चाचपली.

"गाठ त्याचीच," त्या म्हणाल्या. "तू तोडलंस ते बरं केलंस की वाईट, ते तुझ्या उत्तरावर आहे. आणि ते मला इथे नको सांगूस. ज्याला द्यायचं त्याला दे. मी ऐकेन."

मंगळवारी सकाळी आईंनी मुलाला आपलं कानाचं जुनं बंद पडलेलं यंत्र देऊन मामाकडे पिटाळलं. मामाने ते उलटसुलट केलं, फार गंभीर बिघाड आहे म्हणाला, आणि तोवर त्या संचापाशी बस म्हणून त्याला ठिणगीच्या खुर्चीत बसवलं. त्याच वेळी ठिणगी त्याच्या घरी, त्याच्या संचापुढे, हातात त्याचा माइक धरून बसली होती. आई स्वयंपाकघरात, पाठमोऱ्या, सुरी थांबवून.

वीस मिनिटं संच गरम व्हायला दिली. ती वीस मिनिटं तिची तिलाच जड गेली. सात वाजले. तिने बटण दाबलं. काटा शंभराकडे झेपावला.

"गुरुवारचा तुमचा आवाज मी तीन-तीन सांगितला," ती म्हणाली. "खोटं सांगितलं. पाच-नऊ होता. एकेक अक्षर पोचलं." तिने श्वास घेतला. "तर उत्तर असं — या. बिनकारणाचे या. रोज या. जन्मभर या... फक्त उंबरा बघून या."

स्वयंपाकघरात सुरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. संचातून खरखर, खरखर, आणि मग तो, हसू आवरत नसलेला.

"पुन्हा सांगा. नीट पोचलं नाही."

ठिणगी तोंड उघडणार तोच, दारात येऊन संचाकडे कान लावलेल्या आई म्हणाल्या, "पोचलं नाही काय, थापाड्या. माझ्या बहिऱ्या कानात पोचलं म्हणावं." मग पुढे येऊन त्यांनी आदल्या दिवशी दुकानातून नेलेला, दोऱ्याने बांधलेला तो प्रीसेट टेबलावर ठेवला. "घे. आता हा होता तिथे बसव."

"आजच?"

"आत्ताच. मला ऐकायचं होतं तेवढं ऐकून झालं. इथून पुढे तुम्ही दोघं काय काय बोलाल, ते सासूच्या कानात कशाला?"

ठिणगीने संच बंद केला, झाकण काढलं, पिशवीतून सोल्डरिंग काढून तापवलं. दोरा बदलला नाही. दोन तारा, दोन थेंब डाख, राळेच्या धुराची एक रेघ. पेन्सिलीची अक्षरं होती तिथेच होती. त्यांच्याखाली तिने आपल्या हाताने तारीख घातली.

तेवढ्यात बाहेर पळत्या पावलांचा आवाज आला. दार उघडलं, आधी चष्मा आत आला, मग माणूस, आणि उंबरा त्याने याही खेपेला बघितला नाही.

पण ठिणगीने सोल्डरिंग आधीच खाली ठेवलं होतं. तिचे दोन्ही हात मोकळे होते.