हॅल्डेन साहेबाच्या वहीचं पान

लाइट गेलीच आहे तं आयका, पोट्टेहो. खरी गोष्ट आहे. हासून काहून राहिला बे साहिल? शालिकराम माझा दोस्त. कामठीले वह्यांच्या जिल्दी बांधे. त्याच्या घरी मी पन्नासदा जेवलो असन.

हॅल्डेन नावाचं इंग्रज खानदान इकडे मालगुजार होतं. सात गावं, संत्र्याच्या बागा. त्यांच्या जुन्या वह्या मागच्या साली विलायतेतल्या नातीनं मागवल्या. पाठवायच्या आधी जिल्द बांधायले त्या शालिकरामकडे आल्या. वर साहेबाचं इंग्रजी, खाली मुनीमाची हिंदी. पीक, पाऊस, जलम, मरण... अन् सजा.

एका पानावर लिहिलं होतं : नत्थू बोंद्रे, खैरीचा. बागेतली संत्री तोडली. बारा कोडे, म्हंजे चाबकाचे फटके. सातव्याले जीव गेला. बारा पुरे केले. मारणारा, जमादार गणपत.

गणपत म्हणजे शालिकरामचा पणजा. घरात त्याचा पगडीवाला फोटो, रोज ताजा हार. अन् खैरीच्या बोंद्र्यांच्याच घरी शालिकरामच्या पोरीचं, हर्षाचं लग्न ठरलं होतं.

त्याची बायको कौसल्यावहिनी म्हणे, "सांगून टाका जी. कोंबडं झाकल्यानं उजाडायचं राहते का?"

"खुळी झाली का वं? सोयरीक मोडन!"

पान फाडलं त्यानं. पोळ्याचा दुसरा दिवस होता. शेअर ऑटोनं नागपूरले गेला, मारबतीच्या मिरवणुकीत जाळाले नेतेत त्या बडग्याच्या, म्हंजे कागदी पुतळ्याच्या, पोटात पान खुपसलं अन् गर्दीसंगं ओरडला, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" बडग्या जळला. पानाची राख झालेली डोळ्यानं पाहून आला. सुटलो म्हणे. मले त्याचा अजूनही राग येते.

त्याच रात्री, पावणेदोनले, वहिनीले जाग आली. शालिकराम कामाच्या खोलीत झोपला होता. आतून कडी.

सट्.

अन् कोणीतरी मोजलं. "एक."

शालिकराम बोंबलला. वहिनीनं दाराले धडका मारल्या. हात सोलले. दार हाललं नाई.

सट्. "दोन."

दाराखालून रक्त आलं. तिच्या पायाले लागलं. गरम होतं.

सातव्याले शालिकरामचं ओरडणं थांबलं.

मोजणं नाई थांबलं.

"आठ... नऊ... दहा... अकरा..."

मंग...

काईच नाई.

कडी आपोआप पडली. शालिकरामचे दोन्ही हात जिल्द दाबायच्या लोखंडी शिकंज्यात आवळलेले. बनियानच्या चिंध्या मांसात रुतल्या होत्या. जीव होता. अन् जळालेलं ते पान वहीत होतं. जागच्या जागी, शिवलेलं.

"आता तरी सांगा जी," वहिनी पाया पडली त्याच्या.

"लग्न होऊ दे. मंग सांगतो."

पाठ भरली. वह्या विलायतेले गेल्या. दिवाळी झाली.

हळदीले मी होतो तिथं. माझी बायको सुभद्रा हर्षाले हळद लावून राहिली होती. पोरगी हासत होती. पाठीवर हात गेला अन् सुभद्रा थांबली.

"काय झालं वं काकू?" हर्षानं विचारलं. तिले काई दुखत नव्हतं.

सुभद्रानं हात दाखवला. हळद लाल झाली होती. पोरीच्या खांद्यापासून कमरेपर्यंत वळ... ताजा. एकच.



दारात शालिकराम उभा होता. तो हळूच म्हणाला,

"बारा."