डाव्या बुटाचा तळ

मठातले बूट दुरुस्तीला आले की बूटवाला दुकानाचं दार लोटून घ्यायचा. एरवी त्याचं दुकान म्हणजे गल्लीतल्या रिकामटेकड्यांचा अड्डा. स्टुलावर कोणीतरी बसलेलं असायचंच, आणि बूटवाला तोंडात खिळे धरूनही त्याच्याशी वाद घालू शकायचा. पण मठाचं पोतं आलं की स्टूल रिकामं व्हायचं. लोकांना कारण माहीत होतं, त्यामुळे कोणी वाईट वाटून घेत नसे.

मठातल्या बायका, म्हणजे सिस्टर, एकदा आत गेल्या की बाहेर येत नसत, आणि बाहेरचं कोणी आत जात नसे. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट होतं. वस्तू त्यात ठेवायची, कपाट फिरवायचं, आतून कोणीतरी उचलून घ्यायचं. साधा हातसुद्धा दिसत नसे. बूटही त्याच वाटेने यायचे. सगळे काळे, सगळे पट्ट्याचे, एकावरही नाव नाही. आत गेल्यावर बायकांचीच नावं बदलतात, तिथे बुटांची काय कथा.

एका जोडाला मात्र नावाची गरज नव्हती. त्याच्या डाव्या बुटाचा तळ दीड इंच जाड होता.

बूटवाल्याची मुलगी जन्मली तीच एक पाय आखूड घेऊन. ती चालायला लागली तशी फरशीवर आवाज यायचा, टक आणि जरा उशिराने ठक. गल्लीतल्या पोरांनी चिडवायच्या आत बापानेच तिचं नाव ठकी ठेवून टाकलं. रांगत होती तेव्हा आई तिच्या झबल्याला एक लांब दोरा बांधायची आणि दुसरं टोक शिवणयंत्राच्या पायाला. दोरा ताणला की पोर कुठवर गेली ते मान वर न करता कळायचं. पुढे बापाने साचा कोरला, जाड तळाचा बूट बनवला आणि पोर सरळ उभी राहिली. तिच्या वयाबरोबर तो तळही वाढत गेला. "आमच्या ठकीचे पाय कायम जमिनीवर," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "एक जरा उशिरा पोचतो, एवढंच."

तीच ठकी एक दिवस म्हणाली, "बाबा, मला आत जायचंय."

भांडणं झाली. आईने अबोला धरला. बाप रविवारी प्रार्थनेला जाणारा माणूस, पण त्यानेही देवाला चार शब्द सुनावले. आधी पाय आखूड दिलास, मग पोरच मागून घेतोस, ही कुठली रीत? ठकी गेली. जाताना तिने एकच मागणं केलं, की बूट मात्र बाबांनीच बनवायचे.

तेव्हापासून ते बूट म्हणजेच त्यांची ठकी. पोतं आलं की बूटवाला तिचा जोड आधी काढायचा, आणि शिवणयंत्रावरून बायको उठून यायची.

"वाचा," ती म्हणायची.

तो बूट उजेडात धरून वाचायचा. "चवडे घासलेत. गुडघ्यांवर फार बसते. उजवी टाच बाहेरच्या अंगाने झिजली आहे, म्हणजे पाण्याची बादली डाव्या हातात. इथे माती आहे. बागेत काम दिलेलं दिसतंय."

"डाव्या हाताने उचलू नको म्हणून किती वेळा सांगितलं होतं तिला," बायको पुटपुटायची आणि पदराने डोळे पुसून परत यंत्रावर बसायची.

अशी वर्षं गेली. मग एका पोत्यातला ठकीचा जोड बूटवाल्याने हातात घेतला आणि तो नुसता उलटसुलट करत राहिला. आदल्या खेपेला घातलेला तळ जसाच्या तसा होता. आरीच्या खुणासुद्धा पुसल्या नव्हत्या. बूट न वापरलेला म्हणावा, तर आतलं कातडं पायाच्या घामाने काळं पडलेलं.

"वाचा ना."

"बसून करायचं काम दिलंय," तो म्हणाला. लग्नानंतर बायकोशी तो इतकं सरळ खोटं कधी बोलला नव्हता. आजारी असेल, अंथरुणाला खिळली असेल, असं त्याच्या मनात आलं होतं.

मठाचे कपडेही दुरुस्तीला येत, ते बायकोकडे. त्या आठवड्यात तिने ठकीच्या डोक्यावरचं काळं वस्त्र उलगडलं. मुलीचे कपडे आईला वासावरून ओळखू येतात, तिथे बुटासारखी खूण लागत नाही.

"हिच्या डोक्याला चुना कुठून लागला?"

"भिंतीला टेकून बसत असेल."

"टेकून बसलं तर चुना पाठीला लागतो," बायको म्हणाली. "हा बघा कुठे आहे. बरोबर टाळूवर."

तिने वस्त्र झटकलं. चुन्याची पांढरी भुकटी यंत्रावर पडली आणि ती कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली.

वर्षातून एकदा नातेवाइकांना भेट मिळायची. भेट म्हणजे काय, तर एक खोली, मध्ये लोखंडी जाळी, जाळीमागे काळा पडदा. बायको कधीच जात नसे. पडद्याशी बोलायला मी काय वेडी आहे, असं तिचं म्हणणं. बूटवाला मात्र जायचा, कारण पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्या फटीतून बूट दिसत.

त्या दुपारी तो स्टुलावर बसला आणि कान देऊन राहिला. आतलं दार उघडलं. दारावरच्या सिस्टरची पावलं आली. त्या म्हाताऱ्या होत्या आणि पाय ओढत चालायच्या. त्यांच्या मागून टक-ठक यायला हवं होतं. ते आलं नाही.

फटीतून सिस्टरांचे बूट दिसत होते. शेजारी नुसती फरशी होती.

"बाबा."

बूटवाल्याने मान वर केली. आवाज वरून आला होता. उभ्या माणसाच्या तोंडातून येतो त्याच्याही वरून.

"ठके, तू कशावर चढलीस?"

"कशावर नाही."

"मग खाली ये."

पडद्यामागे कापड सळसळलं. सिस्टर हळूच म्हणाल्या, "बाकाला धर, बाळ. घट्ट धर." थोड्या वेळाने आवाज जरा खालून आला. तिला धाप लागली होती.

"बाबा, मला नको असतं हे. सगळ्यांसमोर होतं. लाज वाटते मला. मी त्याला सांगते, की इथे नको, आत्ता नको. ऐकत नाही."

"कोण ऐकत नाही?"

ती म्हणाली, "आधी मी हाक मारायचे आणि काहीच नसायचं. कितीतरी दिवस नुसता अंधार. वाटलं, आपण उगाच आलो, आईबाबांना उगाच रडवलं. मग एक दिवस हाक मारायच्या आधीच ओढ लागली. इथून." कुठून, ते पडद्यामुळे दिसलं नाही. "आता प्रार्थनेत शब्दच राहत नाहीत."

"घरी चल," बूटवाला म्हणाला.

"घरी आले तरी हेच होईल. घराचं छत तर किती ठेंगणं आहे आपल्या."

ती हसली. अगदी पूर्वीसारखं हसली. बूटवाल्याला तेच सहन झालं नाही. परत निघताना सिस्टर जाळीशी येऊन म्हणाल्या, "काळजी करू नका. छपरातले झरोके आम्ही बंद ठेवतो."

दुकानात आल्यावर त्याने दार लोटलं. नळ जोडणाऱ्याकडून शिसं आणलं होतं ते वितळवलं. ठकीचा नवा जोड तयार होता, त्याच्या डाव्या बुटाचा जाड तळ आतून पोकळ केला, उजव्याची टाच पोकळ केली, दोन्हींत शिसं ओतलं आणि वरून कातडं इतकं सफाईने शिवलं की त्याचं त्यालाही ओळखू येईना. पट्टे दुहेरी केले. पाय लंगडा म्हणून एक बूट उंच केला होता, आता पाय टेकत नाही म्हणून दोन्ही जड केले. बापाने आणखी काय करायचं?

पुढच्या पोत्यातले बूट झिजलेले होते. बूटवाल्याने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी बायकोला हाक मारली. "ये, ये! वाचतो! टाच घासली आहे. चवडाही घासलाय. चालते आहे ती!" त्या दिवशी दोघं किती तरी दिवसांनी पोटभर जेवली. बायको जेवताना गुणगुणत होती.

त्याच्या पुढच्या खेपेला तळ कोरा होता.

बूटवाल्याने जोड हातात फिरवला. तळाला काही नव्हतं, तर त्याने पट्टा पाहिला. पट्ट्याच्या टाक्यांची भोकं लांबट झाली होती, सगळी एकाच दिशेने. चालून भोकं अशी होत नाहीत. वजन खाली लोंबकळत राहिलं आणि ते एकट्या पट्ट्याने पेललं, तरच होतात. त्याने पट्टा उलटा केला. आतलं कातडं, जिथे ते पायाच्या वरच्या हाडावर बसतं, रक्ताने कडक झालं होतं. दोन्ही पायांत, बरोबर मध्यावर.

बायको मागे उभी होती. या वेळी ती वाचा म्हणाली नाही. तिने बूट हातात घेतला, तोलला, आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"काय घातलंत यात?"

त्याने सांगितलं. पडद्यामागच्या आवाजाचंही सांगितलं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती स्टुलावर बसली आणि बूट पोटाशी धरून लहान मुलासारखी रडली.

बूटवाला तसाच मठाकडे गेला. फिरत्या कपाटाला तोंड लावून त्याने विचारलं, "तुम्ही काढले का नाहीत ते तिच्या पायातून?"

"रोज सांगत होतो," आतून सिस्टर म्हणाल्या. "ती म्हणायची, बाबांनी बांधलेत, बाबाच सोडतील. काल तिला ग्लानी आली, तेव्हा कुठे काढता आले."

तो घरी आला. आरीने टाके उसवले आणि शिसं उपसून काढलं. मग डाव्या बुटाचा जाड तळही कापून वेगळा केला. इतकी वर्षं त्याच तळापायी तो स्वतःला बाप म्हणवत आला होता. काप सरळ आला. बायको शेजारी बसून बघत होती.

"तुमच्याकडचा तो मेण लावलेला दोरा कुठे आहे?" तिने विचारलं. "न तुटणारा."

"कशाला?"

"ओढायला नाही. कळायला. कुठवर गेली ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं मठात गेली. बायकोची ती पहिलीच वेळ. कपाटात तिने हलके झालेले बूट ठेवले, दोऱ्याचं टोक ठेवलं, आणि रीळ आपल्या हातात धरलं. "हे तिच्या कमरेला बांधाल?" ती भिंतीला म्हणाली. "तिला कळेल काय ते."

आत पावलं ओढत गेली. बराच वेळ गेला. मग सिस्टरांचा आवाज आला, "बांधलाय. तिने स्वतःच गाठ मारली. मठाच्या प्रमुख मदरनी आज झरोका उघडायला सांगितलाय."

"ती काही म्हणाली?"

"हसली."

दोरा सैल पडला होता. मग तो हलकेच उचलला गेला.

रीळ फिरू लागलं. बायकोने ते बोटांत सैल धरलं होतं. आधी हळू, मग वेगाने. कपाटाच्या फटीतून दोरा आत सरकत होता. मठ एकमजली होता. छपराला पोचेल इतका दोरा केव्हाच गेला होता.

रीळ फिरतच राहिलं.

रिळाचं लाकूड दिसायला लागलं तसा बूटवाल्याने हात पुढे केला. शेवटचं टोक त्याने बोटाला गुंडाळलं. दोरा ताणला, बोट पांढरं पडलं.

मग हिसका बसला. एक जोरात. जरा उशिराने दुसरा, हलका.

टक. ठक.

"चालते आहे," बायको म्हणाली.

पुन्हा तेच. एक, आणि उशिराने दुसरा. बूटवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचं भान नव्हतं.

"सिस्टर," त्याने विचारलं, "ती दिसते का?"

आत पावलं ओढत झरोक्याखाली गेली आणि परत आली.

"दोरा दिसतोय," सिस्टर म्हणाल्या.

बायकोने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने बोट सरळ केलं. टोक सुटलं, फटीपाशी क्षणभर अडलं आणि आत गेलं. ते फरशीवर पडल्याचा आवाज ऐकायला दोघं थांबली होती. अंधार पडेपर्यंत थांबली, तरी तो आला नाही.