सारसांच्या पानावर लिहिलेलं

सौंदडला तेव्हा एकच नेट कॅफे होता. तीन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा आणि तो चालवणारा गोंदियाचा हिमांशू. आता सगळं मोबाईलवर होतं, पण तो पंखा मला अजून आठवतो, काय करू?

मी डी.एड.चा फॉर्म भरायला गेले आणि सर्व्हर बंद पडला.

"तोवर हे बघा," म्हणत त्याने एक वही सरकवली. पाहण्यासारख्या वेबसाईटींची यादी! प्रत्येकीला दोन गुण, रूपाला वेगळे, मजकुराला वेगळे.

"तुम्ही वेबसाईटींचे मास्तर आहात काय?"

"क्या करें... दुसरं कोणी पेपर तपासायला देतच नाही."

एका जपानी बाईने नुसते पावसाचे आवाज साठवले होते. एका म्हाताऱ्याने गावोगावच्या पोस्टाच्या पेट्यांचे फोटो लावले होते. नेट इतकं हळू की फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचा. आधी आभाळ, मग झाड... आम्ही दोघं वाट बघत बसायचो. त्याच्या शर्टाला साबणाचा वास यायचा, आणि मला वाटायचं, आज फोटो पूर्ण उघडूच नये.

फॉर्म कधीच भरून झाला होता. मी जातच राहिले.

मग त्याने स्वतःची वेबसाईट दाखवली, सारस पक्ष्यांवरची. मी गुण दिले : रूप नऊ, मजकूर दोन.

"दोन? काऊन?" तो मुद्दाम माझ्यासारखं बोलला.

"सारस झाडावर घरटं करते म्हणून लिहिलं तू! धानाच्या बांधीत करते, पाण्यात. ये आमच्या बांधीत, दाखवते."

तो आला. धान कापताना बाबांनी घरट्याभोवतीचा तुकडा तसाच उभा ठेवला होता. जोडी ओरडली तसा हा शहरी गडी दचकून माझा हात धरून बसला... आणि सोडायचं विसरला.

"रूप मी बघतो, मजकूर तू सांग. जमेल?"

"किती दिवस?"

तो नुसता हसला. महिन्याभरात पुण्याला नोकरी लागली, कॅफे बंद झाला, त्याचा जुना नंबर लागेना. मला फार राग आला. त्याहून जास्त आठवण आली.

तेवढ्यात आमगावचं स्थळ आलं. मुलगा रविवारी पाहायला येणार. मी साकोलीच्या कॅफेत जाऊन त्याची वेबसाईट उघडली. खाली अभिप्रायाची चौकट होती. मला वाटलं, इथे लिहिलेलं फक्त त्यालाच दिसतं. म्हणून लिहिलं : 'हिमांशू, रविवारी मुलगा येऊन राहिला. मला तूच पाहिजे. काही बोलायचं असेल तर आता बोल. – स्नेहल.'

दोन दिवसांनी पाहते तर काय, सारसांच्या फोटोखाली ते जगासमोर छापलेलं! आणि त्याखाली वर्ध्याचे कोणी गुरुजी : 'माहिती उत्तम. हिमांशूजी, या मुलीला उत्तर द्या.' तुमसरची कोणी : 'ताई, रविवार जवळ आला, काही कळलं का?' शुक्रवारपर्यंत अकरा जणांनी लिहिलं. त्यात हिमांशू नव्हता. लाजेने मेले होते, पण रडू आलं ते त्यासाठी नाही.

शनिवारी दुपारी अंगणात आवाज आला. पाठीवर बॅग, चुरगळलेला शर्ट... हिमांशू! बाबांनी त्याला खालून वर पाहिलं.

"कायले आला, बापू?"

"काका, मी हिमांशू. स्नेहलला उत्तर द्यायचं आहे. तिने विचारलेलं परवाच वाचलं. वर्ध्याच्या गुरुजींनी मेल केला."

"मंग मेलवरच द्याचं होतं."

"नाही काका. तिच्यासमोर द्यायचं होतं... आणि तुमच्यासमोर." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मलाही तूच पाहिजे, स्नेहल."

बाबा म्हणाले, "आपली जात वेगळी. घरी सांगितलं?"

"सांगूनच आलो. आई रडली, बाबूजी बोलत नाहीत. तरी आलो."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, खाट ओढली आणि त्याला बसायला सांगितलं.

"पोरी, पाणी आण याले. अन् आमगावले फोन लाव. म्हणा, उद्या येऊ नका."