म्हाताऱ्याची तिसरी कळ

“मामा! आग! राक्षस जळतोय!”

भोंगा ही तिघा भावंडांत वयाने सर्वांत धाकटी आणि आवाजाने सर्वांत थोरली. तिच्या आरोळीसरशी ताईच्या हातातली तारांची गुंडाळी खाली पडली, तिचा भाऊ चिमटा स्टुलावरून घसरला आणि आतल्या खोलीत दाढी करणारा मामा अर्ध्या गालावर साबण घेऊनच धावत आला.

आग अजून लागली नव्हती; पण लागायला फारसा वेळही उरला नव्हता. खिडकीचा पडदा उडून राक्षसाच्या पंख्यांवर घट्ट चिकटला होता आणि खोलीभर करपट वास सुटला होता. ताईने एका हाताने पडदा ओढला, दुसऱ्याने बटण बंद केले. घरघर थांबली.

राक्षस म्हणजे लोखंडी चौकटीत शेजारी शेजारी बसवलेली, झपाट्याने आकडेमोड करणारी संगणकाची ग्राफिक्स कार्डे. मामाचा व्यवसायच मुळी विसरलेले पासवर्ड शोधून देण्याचा. स्वतःच्याच फायलीला कुलूप लावून शब्द विसरलेली माणसे त्याच्याकडे येत. फाईल त्यांचीच आहे याची खात्री पटली, की मामा ती राक्षसापुढे ठेवी. सुटीत भाचरे या कार्यशाळेत आली होती ती तारा गुंडाळायला आणि, मामाच्या शब्दांत, ‘कशालाही हात न लावायला’.

“उन्हाळ्यात जरा तापतोच तो,” मामा साबण पुसत म्हणाला.

“जरा? मामा, हात लावून बघ एकदा!” चिमटा म्हणाला. हा सडपातळ मुलगा दिसेल ती वस्तू चिमटीत धरून तपासत असे, म्हणून त्याचे हे नाव. “आणि संगणकाच्या पडद्यावर ही तांबडी ओळ काय म्हणते आहे?”

“ती तापमानाची सूचना. रोजच येते, म्हणून मी ती वाचत नाही.”

तिन्ही मुले मामाकडे पाहतच राहिली. धोक्याची सूचना रोज येते, म्हणून वाचायची नाही! शाळेत असे उत्तर दिले असते तर?

मामा किंचित वरमला. मग सर्वांनी मिळून पंख्यांतली धूळ काढली, खिडकीचा पडदा दोरीने बांधला आणि राक्षस पुन्हा सुरू केला. आता तो कितीतरी वेगाने धावू लागला.

“तापला की तो आपणहून वेग कमी करतो,” मामा म्हणाला. “आता त्या डिस्क देऊन गेलेल्या बाईंचं काम झटक्यात संपेल.”

“पण तो नेमकं करतो तरी काय?” भोंगाने विचारले.

“हे बघ, फायलीत पासवर्ड ठेवलेला नसतो. ठेवलेला असतो त्याचा ठसा. त्याला म्हणतात हॅश. ठशावरून शब्द उलगडता येत नाही. म्हणून राक्षस एकेक शब्द घेतो, त्याचा ठसा काढतो आणि जुळतो का ते पाहतो. नाही जुळला, पुढचा शब्द.”

तेवढ्यात पडद्यावर अक्षरे उमटली : *यादी संपली. पासवर्ड सापडला नाही.*

“झटक्यात संपलं खरं!” चिमटा पुटपुटला.

नेमक्या त्याच वेळी दार उघडून बाई आत आल्या आणि त्यांच्यामागून त्यांचे चिरंजीव. बाईंनी सारी हयात शाळेत मुलांना स्वच्छ, शुद्ध बोलायला शिकवले होते. गळ्याच्या आजारात त्यांचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले. मात्र शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी आपल्या आवाजात शेकडो वाक्ये नोंदवून कुलूपबंद करून ठेवली होती. त्या नोंदींवरून रुग्णालयातला तंत्रज्ञ बाईंसाठी बोलणारे यंत्र तयार करणार होता. लिहिलेले ते यंत्र वाचील, आणि वाचील बाईंच्याच आवाजात! पण विजेच्या झटक्याने त्यांचा संगणक जळाला. डिस्क तेवढी वाचली, आणि दुसऱ्या संगणकावर तिचे कुलूप काही उघडेना.

“सापडला?” चिरंजीवांनी विचारले.

मामाने मान हलवली. “बाईंनी सांगितलेला शब्द दिला. मध्ये जागा सोडून, न सोडता, मागेपुढे आकडे लावून... सगळं करून झालं.”

“मला वाटलंच होतं. आजारपणात विसरली ती. आता ताणू नका. डिस्क पुसून टाका, मला कचेरीत कामाला येईल. संध्याकाळी येऊन नेतो. तयार आवाज मिळतात ना, त्यातला एखादा गोड आवाज घेऊ.”

पुसून टाका! ताईला आपल्या कानांवर विश्वास बसेना. एखाद्याच्या आईचा आवाज, पुसून टाका?

बाईंनी हातातल्या पाटीवर झरझर लिहिले आणि पाटी सर्वांसमोर धरली. *मी विसरलेली नाही. ‘भोवऱ्यात भोवरा’. वर्गात रोज म्हणून घेत होते.*

“हो, आई, हो. तू बस इथे, मी कामं उरकून येतो,” म्हणून चिरंजीव निघूनही गेले. बाई खुर्चीत ताठ बसून राहिल्या. पाटी त्यांनी पुसली नाही.

ताईने दोघांना कोपऱ्यात ओढले. “बाई विसरलेल्या दिसतात का रे?”

“मुळीच नाही! मघाशी माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण त्यांनी मामाच्या आधी पाहिलं,” चिमटा म्हणाला.

“मग राक्षसच चुकतोय! ज्याचा शब्द आपल्याला ठाऊक आहे असं कुलूप त्याला देऊ. ते तरी उघडतो का बघू!” ताई म्हणाली.

कोपऱ्यात एक जुनाट संगणक होता. मामा त्यावर फक्त पावत्या टंकत असे. मुले त्याला म्हातारा म्हणत. ताईने म्हाताऱ्यावर एक फाईल बनवली, तिला कुलूप लावले आणि मामाच्या नाकदुऱ्या काढून ती राक्षसापुढे ठेवली. मग मामा ज्यावर राक्षसाच्या याद्या बनवी, त्या नव्या संगणकावर तोच शब्द टंकून यादीत घातला. यादीत एकच शब्द, आणि तोही बरोबर!

*यादी संपली. पासवर्ड सापडला नाही.*

“काय?” ताई किंचाळली.

“अशक्य!” मामाच्या तोंडचे पाणी पळाले. “किल्ली हातात देऊनही कुलूप उघडत नाही? मग मी आजवर किती जणांना ‘तुम्हीच विसरलात’ म्हणून परत पाठवलं असेल?”

“मामा, यंत्र सुरू होताना स्वतःची चाचणी घेत नाही का?” चिमट्याने विचारले.

“घेतं. त्यात तो पासच होतो. पण त्या चाचणीतले शब्द परदेशी असतात. आपला शब्द देऊन मी कधी पाहिलंच नाही!”

“मग आता बघू!”

मुलांनी झपाटून कामाला सुरुवात केली. म्हाताऱ्यावर कुलूप, नव्या संगणकावर शब्द. ‘टोपी’ सापडला. ‘गाढव’ सापडला. ‘ज्ञानकोश’सुद्धा सापडला! ‘दऱ्याखोऱ्या’ मात्र सापडला नाही.

“तुझा पहिला शब्द कोणता होता गं?” चिमट्याने विचारले.

“‘चेहऱ्यावर’.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाई उठून त्यांच्यामागे उभ्या होत्या आणि त्यांचे बोट पडद्यावर एकाच ठिकाणी टेकले होते. चेहऱ्यावर. दऱ्याखोऱ्या. आणि पाटीवर, भोवऱ्यात.

“ऱ्य!” तिन्ही मुले एकदम ओरडली.

“पण दोन्हीकडे तो सारखाच दिसतोय,” मामा डोळे बारीक करून म्हणाला.

“दिसतो सारखा, पण काढायचा वेगळा!” भोंगा उड्या मारू लागली. “परवा तू मला म्हाताऱ्यावर पावती लिहायला बसवलंस ना? तिथे ‘दुसऱ्या’ लिहिताना आधी र, मग पाय मोडायचं हलंत आणि मग ती कडेची तिसरी कळ दाबावी लागते. ती दाबली तरी पडद्यावर काहीच दिसत नाही. नाही दाबली, तर रफार डोक्यावर जाऊन बसतो! तुझ्या नव्या संगणकावर मात्र त्या अर्ध्या र साठी वेगळीच कळ आहे.”

मामा मटकन स्टुलावर बसला. चिमट्याने दोन्ही संगणकांवरचा ‘भोवऱ्यात’ शेजारी शेजारी ठेवून अक्षरे मोजणारी खिडकी उघडली. डोळ्यांना जुळी भावंडे वाटणाऱ्या त्या दोन शब्दांतला एक चक्क लांब निघाला! तिसऱ्या कळीने घातलेली न दिसणारी खूण त्यात दडून बसली होती. माणसाला ती दिसत नव्हती. ठसा मात्र तिच्यामुळे पार बदलत होता.

“बाई,” ताईने अदबीने विचारले, “तुमच्या संगणकावर ‘भोवऱ्यात’ कसं लिहीत होता?”

बाईंनी पाटीवर तीन चौकोन काढले. पहिल्यात र, दुसऱ्यात हलंत. तिसरा रिकामा ठेवून त्यांनी त्यावर बोटाने ठामपणे टकटक केले.

मामाने म्हाताऱ्यापुढची खुर्ची बाईंसाठी ओढली. बाईंनी स्वतःच्या हाताने शब्द टंकला, ताईने तो राक्षसापुढे ठेवला. पंखे गरगरले.

*पासवर्ड सापडला.*

त्याच क्षणी दारातून चिरंजीव आत आले. “झाली का पुसून?”

चिमट्याने नोंदींतली पहिली फाईल उघडली आणि खणखणीत, स्वच्छ आवाज खोलीत घुमला : “मागच्या बाकावर कोण बोलतंय? उभे राहा!”

चिरंजीवांच्या हातातली पिशवी गळून पडली. ते जागच्या जागी ताठ उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “आई... आणि मी हे पुसायला सांगितलं होतं!” एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. मग त्यांनी आईचे दोन्ही हात धरले. “तुला सगळं नीट आठवत होतं. मीच ऐकलं नाही. चुकलो मी.”

“मीही चुकलो,” मामा म्हणाला. “आता आधी ठाऊक असलेल्या शब्दावर यंत्र तपासायचं, तेही आपल्या लिपीत. त्याशिवाय कुणालाही ‘तुम्ही विसरलात’ म्हणायचं नाही. आणि तांबडी ओळ रोज वाचायची!”

सुटी संपायच्या आत बाई पुन्हा कार्यशाळेत आल्या. या वेळी त्यांच्या हातात पाटी नव्हती, छोटेसे यंत्र होते. त्यांनी कळा दाबल्या आणि तोच खणखणीत आवाज बोलू लागला :

“ताई, तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. चिमट्या, तुझी नजर अशीच तीक्ष्ण राहो. आणि भोंगा, भल्याभल्यांना जे सुचलं नाही, ते तुझ्या ध्यानात राहिलं. शाबास, बाळांनो! मोठ्यांना धडा देणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले.”

भोंगाला इतका आनंद झाला, की तिने बाईंच्या गळ्यात हात टाकून थेट कानाशीच आरोळी ठोकली, “बाई! तुम्ही किती छान बोलता!”

बाईंनी दचकून कान चोळला आणि भराभर कळा दाबल्या.

“हळू, कार्टे! आवाज गेला होता माझा, कान नव्हेत!”