मधुविटी

त्या काळी डोहाळजेवणात पाटाशेजारी बादली ठेवायची पद्धत पडली होती. गोड घास तर चुकवायचा नाही.

आत्येसासूबाईंनी श्रीखंडाचा चमचा तोंडाशी आणला. ऋजुताला त्यात पिकलेल्या गळवातला पू दिसला. ती भडाभडा ओकली.

"लागू पडली हो सुई!" बायकांनी टाळ्या वाजवल्या.

गरोदरपणात आईच्या रक्तात साखर वाढली की ती वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. अशा काही मुलांचं बोलणं, एकाग्र होणं पुढे मागे पडू शकतं. ऋजुताची साखर वाढलेली निघाली तेव्हा डॉ. उपासनींनी तिला 'मधुविटी' टोचली. गोडाची जाणीव थेट मेंदूतल्या ओकारीच्या केंद्राला जोडणारं हे औषध. पथ्य मोडायचा प्रश्नच उरत नाही.

पण आग्रहापुढे आपण 'नको' म्हणू शकणार नाही, हे ऋजुताला पक्कं ठाऊक होतं. एका सुईवर भरवसा वाटेना, म्हणून डोहाळजेवणाआधी तिनं दुसऱ्या दवाखान्यात जाऊन गुपचूप आणखी एक सुई घेतली.

सावी ठणठणीत जन्मली. तिच्या मानेच्या वळीत दूध साचायचं, त्याचा वास यायचा. पाजताना ऋजुता श्वास रोखायची, तोंड फिरवायची. तरी नाक आक्रसायचंच.

"डॉक्टर, बाळंतपणानंतर हे उतरतं म्हणाल्या होतात."

"एक सुई उतरते. तुम्ही दोन घेतल्यात. जोडणी जिभेवरून वासापर्यंत गेली. आणि आईचं दूध गोडच असतं हो."

"म्हणजे मला माझ्या पोरीची किळस येतेय?"

"पोरीची नाही, दुधातल्या साखरेची."

"मग ती पोरीपासून वेगळी काढून द्या मला!"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "तिचा मेंदू अगदी उत्तम आहे. साखरेनं काहीही बिघडलेलं नाही."

"या वयात मूल शिकतं कशावरून?"

"चेहऱ्यांवरून," डॉक्टर म्हणाल्या. "आईच्या. मुख्यतः."

त्या दिवसापासून ऋजुता आरशासमोर हसू घोटू लागली.

उष्टावणाला मामानं चांदीच्या चमच्यानं सावीला खीर चाटवली. सावीनं मिटक्या मारल्या, मामाकडे बघून खिदळली, आणखी मागितली. ओठांवरून खीर ओघळत असतानाच तिनं आईकडे मान वळवली. ऋजुतानं घोटलेलं हसू चेहऱ्यावर आणलं आणि हात पुढे केले.

सावीनं नाक आक्रसलं. वरचा ओठ उचलला. तोंड फिरवलं.

"अगं बाई!" सासूबाई कौतुकानं हसल्या. "थेट आईवर गेलीय की!"