गिचमिडीतला ठिपका

काळा पडदा सारून ती बंदराच्या रडारखोलीत शिरली, तर तिच्या खुर्चीत भलताच कुणी!

"अहो, ती माझी जागा आहे."

"आणि हा माझा पसारा," तोंडात स्क्रू धरूनच तो म्हणाला. "स्क्रीनवर केवढी ही गिचमिड! साफ करून देतो."

नवा इंजिनिअर होता तो. बटण फिरवून त्यानं स्क्रीन लख्ख केली... आणि ती जवळजवळ ओरडलीच.

"खड्यांबरोबर दाणेही फेकलेत तुम्ही! लाकडी होडीचा सिग्नल आधीच जेमतेम. तो या गिचमिडीतच असतो."

"तुम्हाला दिसतो?"

"मला इथे घार म्हणतात."

तो हसला. ती नाही हसली... निदान त्याच्यासमोर तरी!

मग रोज तेच. ती बटण वाढवायची, तो उतरवायचा. कधी दोघांची बोटं एकदमच बटणावर – की दोघंही उगाच खिडकीकडे बघत बसायची.

एका दुपारी धुकं उतरलं. मोठं जहाज आत येत होतं, आणि अप्पांची, तिच्या वडिलांची होडी अजून बाहेरच. वायरलेसवर उत्तर नाही.

या वेळी बटण त्यानंच वाढवलं. मुंग्यांनी वारूळ सोडावं तशी स्क्रीन ठिपक्यांनी भरली.

"मलाही दिसत नाही हो..." ती स्क्रीनला नाक लावून म्हणाली.

"थांबा. लाटांचे ठिपके रडारच्या दर फेरीला जागा बदलतात. होडी इतकी हलणार नाही. फेरीवर फेरी रचत जाऊ. तुमच्याशी भांडून भांडून हेच तर बनवत होतो!"

एक फेरी... दुसरी... पाचवी... लाटा विरत गेल्या. एक पुसट ठिपका मात्र हटेना, उलट उजळत चालला – थेट जहाजाच्या वाटेत!

तिनं वायरलेस ओढला. "जहाज डावीकडे वळवा! समोर होडी आहे!"

जहाज वळलं.

तासाभरानं बंदराच्या बोटीनं होडी ओढून आणली, आणि अप्पा निथळत दारात उभे. "इंजिन बंद, वायरलेस बंद... ते धूड ऐनवेळी वळलं म्हणून वाचलो, पोरी!"

ती त्यांच्या गळ्यात पडली. इंजिनिअर खाकरला. "अप्पा, हिला विचारायचा धीर होत नाही. तुम्हीच विचारता... माझ्याशी लग्न करेल का?"

"मी? अरे, मी आत्ताच मरता मरता वाचलोय!"

"हो!" ती अप्पांच्या खांद्यावरूनच ओरडली. "करेन! आणि बटण मीच फिरवणार!"