वीतभर खाली गेलेली रेघ

“रत्ना, चाल लवकर! पाणी उलटं वाहून राहिलं!” देवानंद धावतच आला.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. जवळच नवा बाजार बांधला जात होता, खाली दुकानं आणि वर राहायच्या खोल्या. उन्हाळ्याच्या सुटीत रत्नमाला आणि तिचा धाकटा भाऊ देवानंद तिथंच पडीक असत. आज पाण्याचा टँकर सांडला, तर पाणी नालीकडे जायचं सोडून तुळसाबाईंच्या होऊ घातलेल्या दुकानाच्या जोत्यावर चढलं. तुळसाबाईंचं घर कारखान्याच्या जागेत गेलं होतं. आता हे दुकान आणि वरची खोली, एवढाच त्यांचा आसरा.

“पावसाळ्यात माह्या पिठाची पोती पोहतील का वं?” त्यांनी विचारलं. हे जोतं मापताना नळी रत्नमालेनंच धरली होती.

मापायला तिला गुलाबराव काकांनी शिकवलं होतं. ते बाबांचे नागपूरचे मित्र आणि या कामावर देखरेख करणारे ओव्हरसियर. रबरी नळीत पाणी भरायचं. टोकं कितीही लांब नेली तरी दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत थांबतं. बाजाराच्या कोपऱ्यातल्या दगडावर लाल रेघ होती. साऱ्या जोत्यांची उंची त्या रेघेपासून धरायची.

“तूच चुकली असशील,” देवानंद म्हणाला.

दोघांनी नळी आणून पुन्हा मापलं. रेघेपासून जोतं अगदी बरोबर होतं. मग रेघच चुकली असेल तर? रेघ आणि मागच्या तळ्याची सगळ्यात वरची पायरी एका पातळीत आहेत, हे काकांनी पहिल्याच धड्यात दाखवलं होतं. तिनं नळी पायरीपर्यंत ओढली. रेघ वीतभर खाली होती! दगडाभोवतीची मातीही ताजी, भुसभुशीत.

देवानंदला आठवलं. भरावाच्या मुरमाचे ट्रक यायचे बंद झाले, तेव्हा काका इथं खोदत होते. दगड हलतो, पक्का करतो, असं म्हणाले होते. दगड खाली गेला की जोतं खाली, आणि भराव कमी. इंजिनिअर साहेबांच्या पाहणीआधी काम पूर्ण!

मापल्यावर ‘बरोबर’ असं सगळ्यांना ओरडून सांगायला काकांनी रत्नमालेलाच लावलं होतं.

तिनं काकांकडे जाऊन रेघ खाली गेल्याचं सांगितलं. ते हसले. “वीतभरानं काय होते वं पोरी? जा, खेळ.”

दुसऱ्या दिवशी पाहणीला मोठे इंजिनिअर साहेब आले. काकांनी कौतुकानं तिला पुढं बोलावलं. “साहेब, ही आमची छोटी ओव्हरसियर. दाखव बरं मापून.”

काकांनी एक टोक लाल रेघेपाशी धरलं. रत्नमाला दुसरं टोक घेऊन निघाली, पण जोत्याजवळ थांबली नाही. थेट तळ्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

“साहेब, इकडं येऊन पाहा ना. रेघ या पायरीच्या पातळीत पाहिजे.”

साहेबांनी पाहिलं. मग दगड उकरायला लावला. भिंती अजून उठल्या नव्हत्या, म्हणून निभावलं. पावसाआधी सगळी जोती वर उचलायचा हुकूम झाला. साहेबांनी दोघा भावंडांची पाठ थोपटली. तुळसाबाईंनी तर रत्नमालेला पोटाशीच धरलं.

“शाब्बास! माह्याच हाताखाली शिकली ही, साहेब,” गुलाबराव काका म्हणाले. आवाज कोरडा होता.

रत्नमालेनं त्यांच्याकडे पाहिलं. “शिकवलं तुम्हीच, काका. मंग ‘बरोबर’ म्हणायले मलेच कावून लावलं?”

काका वाकून नळी गुंडाळू लागले. रत्नमालेनं आपल्या हातातलं टोक हळूच जमिनीवर ठेवलं आणि तुळसाबाईंच्या मागोमाग निघाली.